'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' म्हणजे नेमकी कोणाची? कलम ३९(ख) ची पार्श्वभूमी

संविधान समाजवादी आहे का, असा वाद निघाला की सगळे आधी उद्देशिकेकडे धावतात. तो शब्द तिथे ४२ व्या दुरुस्तीने, म्हणजे १९७६ ला आला हे सगळ्यांना माहितीये. पण कोर्टात खरी लढाई त्या शब्दावर फारशी झालीच नाही, ती झाली कलम ३९(ख) वर. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सगळ्यांचं हित साधेल अशा रीतीने वाटलं जावं, असं ते कलम म्हणतं आणि ते पहिल्या दिवसापासून संविधानात आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत एका सदस्याने 'समाजवादी' शब्द घालायची सूचना केली होती, ती फेटाळताना हेच सांगितलं गेलं की समाजवादी म्हणावीत अशी तत्त्वं मसुद्यात आहेतच, आणि पुढच्या पिढ्यांनी कोणत्या अर्थव्यवस्थेत राहायचं ते आपण आत्ताच बांधून टाकू नये. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात यापेक्षा शहाणपणाचं उत्तर नंतर कोणी दिलेलं नाही.

सुरुवातीची वीस-पंचवीस वर्षं थोडक्यात सांगतो. मालमत्ता तेव्हा मूलभूत हक्क होती, त्यामुळे जमीनदारी काढायचे कायदे कोर्टात अडकायला लागले आणि १९५१ ला पहिल्याच दुरुस्तीत नववं परिशिष्ट आलं (त्यातल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारावर आव्हान देता येणार नाही अशी यादी), त्यात १३ कायदे ठेवले. मग 'भरपाई' या शब्दावर गाडी अडली. कोर्ट म्हणालं भरपाई म्हणजे पूर्ण मोबदला, संसदेने १९५५ ला सांगितलं की भरपाई पुरेशी आहे का हे कोर्टाने बघायचं नाही. १९६९ ला १४ बँका सरकारने घेतल्या, फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द झाला, काही दिवसांत नवीन वटहुकूम आला आणि १९७१ ला २५ व्या दुरुस्तीत 'भरपाई' हा शब्दच काढून तिथे 'रक्कम' टाकला. एक शब्द बदलला, पण जागा घेताना मालकाला बाजारभाव द्यायचा की नाही हे सगळं त्यावर फिरलं. त्याच दुरुस्तीत कलम ३१-ग आलं, म्हणजे ३९(ख) किंवा ३९(ग) (संपत्ती मोजक्या हातांत एकवटू नये) साठी केलेला कायदा समानतेच्या हक्काला धक्का देतो म्हणून रद्द करता येणार नाही. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्याच्या मोठ्या निकालात (१३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६) ते बऱ्याच अंशी टिकलं. इथून ३९(ख) चं वजन एकदम वाढलं, कारण एखादी गोष्ट 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' आहे असं एकदा ठरलं की कायद्याला चिलखत मिळणार.

आता मुख्य गुंता. १९७७ ला कर्नाटकातल्या खाजगी कंत्राटी बस सरकारने ताब्यात घ्यायच्या कायद्याचा खटला ७ न्यायमूर्तींपुढे आला. कायदा योग्य आहे यावर सातही जणांचं एकमत, पण तिघांनी वेगळं निकालपत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस समाजाचाच घटक आहे, मग त्याच्या खाजगी मालकीचं साधनही समाजाच्याच साधनसंपत्तीत मोडतं. उरलेल्या चौघांनी स्पष्ट लिहून ठेवलं की ३९ व्या कलमाबद्दल आमच्या सहकाऱ्यांनी जे मांडलंय त्या सगळ्याशी आम्ही सहमत आहोत असं कोणी समजू नये. हे इतकं साफ लिहिलेलं असताना १९८२ ला कोकच्या (कोळशापासून बनणाऱ्या इंधनाच्या) भट्ट्यांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात ५ न्यायमूर्तींनी तिघांचंच मत उचललं आणि तोच कायदा झाला. चौघांनी बाजूला ठेवलेलं मत पुढची ४२ वर्षं कायदा म्हणून चाललं! मला त्या तिघांच्या विचाराबद्दल आदर आहे, गरिबाच्या बाजूने इतक्या पोटतिडकीने फार कमी निकाल लिहिले गेलेत, पण ज्या रस्त्याने तो विचार कायदा झाला तो रस्ता चुकीचा होता.

मधल्या काळात मालमत्तेचा मूलभूत हक्क ४४ व्या दुरुस्तीने गेला (जून १९७९ पासून, आता तो कलम ३००-क मधला साधा घटनात्मक हक्क आहे), १९९१ ला आर्थिक धोरण उलट्या दिशेला वळलं. गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे की १९८९ पासून प्रत्येक नव्या पक्षाला नोंदणी करताना समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते, आणि त्याच काळात सरकारी कंपन्यांतले शेअर विकायला सुरुवात झाली.

आणि मुंबई. इथल्या जुन्या सेस इमारती (ज्यांवर दुरुस्तीसाठी सेस म्हणजे उपकर घेतला जातो), भाडं गोठलेलं, मालक दुरुस्ती करत नाही, पावसाळ्यात जिना कोसळतो. १९८६ ला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण कायद्यात एक नवीन प्रकरण (कायद्याचा भाग) घातलं, ७० टक्के रहिवाशांनी मिळून मागणी केली तर अशी इमारत ताब्यात घेऊन त्यांच्या सहकारी संस्थेला देता येईल आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या १०० पट रक्कम. खोलीचं भाडं ५० रुपये धरलं तर त्या खोलीचे ५,००० रुपये, दक्षिण मुंबईत. मालकांचा राग समजतो, पण टेकू लावलेल्या माडीत तीन पिढ्या काढणाऱ्यांनी जायचं कुठे हेही तितकंच खरं. कायद्यातच लिहिलं होतं की हे ३९(ख) साठी आहे. मालक कोर्टात गेले, १९९२ ला सर्वोच्च पातळीवर पोचले, खटला ३ न्यायमूर्तींकडून ५ कडे, ५ कडून ७ कडे आणि २००२ ला ९ कडे गेला आणि तिथे २२ वर्षं पडून राहिला.

५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला. बहुमत म्हणालं, खाजगी मालकीची प्रत्येक गोष्ट समाजाची साधनसंपत्ती नाही, पण काही असू शकतात. कोणत्या, ते वस्तूचं स्वरूप काय, ती दुर्मिळ आहे का, मोजक्या हातांत राहिली तर समाजावर काय परिणाम होतो, हे बघून ठरवायचं. १९७७ च्या अल्पमताला बहुमताने एका ठराविक अर्थविचाराशी बांधलेलं म्हटलं, त्यावर खंडपीठातल्याच दोघांनी नापसंती नोंदवली, एकाने तर पूर्ण विरोधी निकाल लिहिला. ३१-ग मात्र १९७३ ला जेवढं टिकलं तेवढं लागू आहे यावर नऊही जण एक होते. वीसच दिवसांनी उद्देशिकेतला 'समाजवादी' काढा म्हणणाऱ्या याचिकाही फेटाळल्या गेल्या, भारतात त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य असा आहे, खाजगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही, असं सांगून.

सेस इमारतींचं ते १९८६ चं प्रकरण वैध आहे की नाही, हे ९ जणांनी ठरवलंच नाही. त्यांच्यापुढे प्रश्न फक्त शब्दाच्या अर्थाचा होता.