पराग म्हणजे मेण नव्हे: मधमाशीच्या आहाराचे कोडे कसे सुटले

मागच्या पायांना परागाचे पिवळे-केशरी गोळे चिकटवून पोळ्यात शिरणारी मधमाशी माणूस हजारो वर्षे पाहत आला. तरी त्या गोळ्यांचे पुढे काय होते, याविषयीचा प्रचलित समज अठराव्या शतकातही चुकीचाच होता. ॲरिस्टॉटलच्या मते मध आकाशातून पडत असे. रेओमूर यांच्यासारख्या काटेकोर फ्रेंच निसर्गाभ्यासकालाही पराग हा मेणाचा कच्चा माल वाटत होता.

हा समज जिनिव्हाच्या फ्रांस्वा ह्यूबर (१७५०-१८३१) यांनी मोडला. त्यांची दृष्टी तरुणपणीच गेली होती, त्यामुळे पोळ्यातील निरीक्षणे त्यांचा सेवक ब्यूर्नेन्स करी आणि प्रश्न ह्यूबर विचारीत. विज्ञानाच्या इतिहासात इतकी सुंदर जोडी क्वचितच सापडते. त्यांच्या प्रयोगांत कोंडून ठेवलेल्या माश्यांना केवळ मध किंवा साखर दिली तरी त्या मेण तयार करीत, नुसत्या परागावर मात्र करीत नसत. उलट, मध भरपूर असूनही पराग मिळाला नाही, तर अळ्यांचे संगोपन थांबे. पराग हे पिल्लांच्या पोषणाचे अन्न आहे, हे यातून सिद्ध झाले.

पुढील संशोधनाने त्यामागची कारणे उलगडली. मकरंद हे उडण्याचे व पोळे उबदार ठेवण्याचे इंधन. माशी त्यातील साखरेचे विकराने (एन्झाइमने) विघटन करते आणि पाणी उडवून मध बनवते. प्रथिने, स्निग्ध पदार्थ व जीवनसत्त्वे मात्र परागातूनच येतात. तरुण दाई माश्या मधात मुरवलेला पराग खातात, तेव्हाच त्यांच्या डोक्यातील ग्रंथींत अळ्यांसाठी व राणीसाठी पोषक रस तयार होतो. मधमाशीला दहा अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) आहारातूनच मिळावी लागतात, हे संशोधक डी ग्रूट यांनी १९५३ मध्ये दाखवले. एकाच वनस्पतीच्या परागात ती सारी योग्य प्रमाणात असतीलच असे नाही. नाना फुलांचा पराग खाणाऱ्या माश्यांत अन्न जंतूंपासून राखणारे ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर अधिक आढळल्याचे २०१० मधील एका फ्रेंच अभ्यासात दिसले.

सह्याद्रीतील सातेरी या पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी माश्यांच्या बाबतीत हे ज्ञान फार मोलाचे आहे. कारवीचे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि मुसळधार पावसात माश्यांना बाहेर पडणेही कठीण होते. अशा वेळी मधपाळ पेटीत साखरेचा पाक ठेवतात. तो मकरंदाची उणीव भरून काढतो, परागाची नाही.