किल्लीलाच कुलूप: क्लाउडकडून डेटा की मागताना

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या केएमएस या किल्ली-सेवेला ‘हा मजकूर एन्क्रिप्ट करून दे’ (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा कर) असं थेट सांगितलं, तर ती एका वेळी जास्तीत जास्त ४०९६ बाइट घेते. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट खातं. म्हणजे साडेतेराशे चिन्हं झाली की संपलं. धड पानभर मजकूरही त्यात मावत नाही, मग ४० एमबीच्या एमआरआय फाइलचं काय घेऊन बसलात? पहिल्यांदा हे काम हाती घेणाऱ्याला यात सेवेचा कंजूषपणा दिसतो. पण तुमचा डेटा एन्क्रिप्ट करणं हे या सेवेचं काम नव्हेच. तिच्याकडून घ्यायची ती डेटा एन्क्रिप्ट करायची किल्ली, म्हणजे डेटा की.

या डेटा की जिने बंद होतात ती मुख्य किल्ली एचएसएम नावाच्या खास उपकरणात असते आणि उघड्या रूपात तिथून कधीच बाहेर पडत नाही. तुमचा प्रोग्रॅम ‘जनरेट-डेटा-की’ ही विनंती पाठवतो. सोबत दोन गोष्टी सांगाव्या लागतात: कोणती मुख्य किल्ली वापरायची आणि नवी किल्ली केवढी हवी. आकार ‘एईएस-२५६’ (एईएस या एन्क्रिप्शन-पद्धतीची २५६ बिटांची किल्ली) असा नावाने सांगा किंवा बाइटमध्ये सांगा. दोन्ही एकदम दिलं तर विनंती फेटाळली जाते. उत्तरात नवी, यादृच्छिक अशी ३२ बाइटची किल्ली येते आणि तीही दोन रूपांत. एक प्रत उघडी. दुसरी प्रत मुख्य किल्लीने एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे बंद. तिच्यात आवरणाची माहितीही असल्याने ती दोनशे बाइटांच्या आसपास भरते.

उघड्या प्रतीने तुमच्याच सर्व्हरवर फाइल एन्क्रिप्ट करायची, काम होताच ती प्रत मेमरीतून पुसायची आणि बंद प्रत फाइलला चिकटवून ठेवायची. पुढे फाइल वाचायची झाली की फक्त बंद प्रत ‘डिक्रिप्ट’ विनंतीने सेवेकडे धाडायची आणि ३२ बाइट परत घ्यायचे. ४० एमबी जागेवरच राहतात, नेटवर्कवरून जातात ते शे-दोनशे बाइट. या पद्धतीला एन्व्हलप एन्क्रिप्शन म्हणतात, मराठीत पाकीटबंद म्हणायला हरकत नाही.

इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. सेवेने किल्ली दिली म्हणजे तिच्याकडे तिची नोंद असणार, असं लोक धरून चालतात. तशी नोंद नसते. सेवा फक्त मुख्य किल्ली सांभाळते. डेटा की दिली की तिच्या लेखी विषय संपला. बंद प्रत ज्या डेटाबेस-रकान्यात ठेवली तो रकाना उडाला, तर ती फाइल कोणालाच उघडता येणार नाही. त्यामुळे बंद प्रतीचा बॅकअप फाइलच्या बॅकअपइतक्याच काळजीने घ्यावा लागतो. ती बंद असल्याने उघड्यावर ठेवली तरी चालते, पण हरवून चालत नाही.

(गूगलच्या किल्ली-सेवेत ‘डेटा की दे’ अशी विनंतीच नाही. तिथे ३२ यादृच्छिक बाइट आपल्याच यंत्रावर तयार करायचे आणि सेवेकडून बंद करून घ्यायचे. मूळ कल्पना तीच.)

आता याच विनंतीचं कमी वापरलं जाणारं भावंड पाहू: ‘जनरेट-डेटा-की-विदाउट-प्लेनटेक्स्ट’. हिच्या उत्तरात उघडी प्रत येतच नाही, फक्त बंद प्रत येते. हातात लगेच वापरता न येणारी किल्ली मागून काय करायचं? समजा, एका रुग्णालयाच्या यंत्रणेत नव्या रुग्णाचं खातं उघडणारा एक प्रोग्रॅम आहे आणि तपासणीचे अहवाल लिहिणारा दुसरा. खातं उघडणाऱ्याला प्रत्येक रुग्णामागे एक किल्ली तयार करून ठेवायची आहे, पण अहवालाशी त्याचा काही संबंध नाही. त्याला फक्त ही दुसरी विनंती करण्याची परवानगी द्यायची. अहवाल लिहिणाऱ्याला फक्त ‘डिक्रिप्ट’ची. मग खातं उघडणाऱ्या यंत्रावर कोणी कब्जा केला, तरी त्याच्या हाती बंद किल्ल्यांचा ढीग लागेल, उघडी एकही नाही.

ही सगळी मेहनत एका तारांकनाने वाया जाते. परवानगीच्या नमुन्यांमध्ये ‘जनरेट-डेटा-की’ या नावापुढे हमखास * असतं. त्या * चा अर्थ ‘या अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक विनंती’. म्हणजे उघडी प्रत देणारी आणि न देणारी, दोन्ही एकाच फटक्यात मिळाल्या. नमुना जसाच्या तसा चिकटवला की वेगळेपणा कागदावर राहतो. ज्याला जी विनंती हवी तिचंच नाव पूर्ण लिहावं, * टाळावं.

परवानग्यांचीच आणखी एक गंमत, जिने अनेकांची दुपार खाल्ली आहे. एस३ या साठवण-सेवेवर केएमएसच्या किल्लीने फाइल चढवायची, म्हणून प्रोग्रॅमला फक्त ‘जनरेट-डेटा-की’ची परवानगी दिली. छोट्या फाइली निमूट चढतात, मोठी मात्र ‘परवानगी नाही’ म्हणून अडकते. कारण मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते (अ‍ॅमेझॉनचं कमांड-लाइन साधन ८ एमबीपासून पुढे तुकडे पाडतं) आणि ते तुकडे जोडण्यासाठी एस३ ला तीच किल्ली पुन्हा उघडावी लागते. म्हणून चढवणाऱ्यालाही ‘डिक्रिप्ट’ची परवानगी लागते.

विनंतीसोबत ‘एन्क्रिप्शन कॉन्टेक्स्ट’ देता येतो: नाव आणि मूल्य अशा जोड्या, उदाहरणार्थ ‘रुग्ण: ४४७१’. हा संदर्भ बंद प्रतीत साठवला जात नाही, पण तिच्याशी गणिताने बांधला जातो. उघडताना अक्षरन् अक्षर तोच संदर्भ दिला नाही, तर सेवा नकार देते. फायदा असा की ४४७१ ची बंद प्रत कोणी ४४७२ च्या नोंदीत सरकवली, तर ती तिथे उघडत नाही. जोड्यांचा क्रम बदलला तर चालतं. मोकळी जागा, इंग्रजी अक्षरांचं लहान-मोठेपण किंवा आकड्यापुढचं शून्य बदललेलं चालत नाही. जुन्या यंत्रणेने ‘४४७१’ लिहिलं, नव्या यंत्रणेने रकाना पाच अंकी करून ‘०४४७१’ पाठवलं, की ‘अवैध सायफरटेक्स्ट’ (म्हणजे एन्क्रिप्ट केलेला मजकूर चुकीचा) असा दोष येतो आणि माणसं किल्ली खराब झाली म्हणून शोधत बसतात. दुसरं म्हणजे हा संदर्भ क्लाउडट्रेलच्या (कोणी कोणती विनंती केली हे टिपणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या सेवेच्या) नोंदींमध्ये उघडपणे लिहिला जातो. आधार क्रमांक, मोबाइल नंबर, आजाराचं नाव यांतलं काहीही त्यात घालू नये.

प्रत्यक्ष कोडमध्ये सर्वाधिक गोंधळ होतो तो बेस६४ चा, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीचा. कमांड-लाइनवरून किल्ली मागितली, तर ३२ बाइट बेस६४ मध्ये ४४ अक्षरं होऊन येतात. प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीतून मागितली, तर बहुधा थेट बाइट मिळतात. ४४ अक्षरांची किल्ली एईएस-२५६ घेत नाही, म्हणून कोणीतरी हुशारीने पहिली ३२ अक्षरं कापून देतं. आता कोड चालतो! पण बेस६४ च्या एका अक्षरात ६ च बिट असतात. त्यामुळे २५६ बिटांची किल्ली प्रत्यक्षात १९२ बिटांची होते, आणि नियमाने लिहिलेला दुसरा कोणताही प्रोग्रॅम ती फाइल उघडू शकत नाही. दोष न देता चालणारी चूक दोष देणाऱ्या चुकीपेक्षा महाग पडते.

एईएस जीसीएम या प्रकाराने वापरताना प्रत्येक एन्क्रिप्शनला १२ बाइटचा नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, लागतो. तो गुप्त नसला तरी चालतो, पण एका किल्लीखाली तो दोनदा येता कामा नये. आला, तर दोन मजकुरांमधला फरक उघडा पडतोच, शिवाय मजकुरात फेरफार झाला का हे तपासणारी यंत्रणाही फोडता येते. नॉन्स यादृच्छिक निवडत असाल, तर एका किल्लीवर २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी संदेश ही अमेरिकेच्या निस्ट संस्थेने घातलेली मर्यादा आहे. दर फाइलला नवी डेटा की मागितली की हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

उघडी प्रत पुसणं बोलायला सोपं आहे. जावातली स्ट्रिंग किंवा पायथनमधले बाइट्स बदलता येत नाहीत, म्हणून पुसताही येत नाहीत. बदलता येईल असा बाइट-अ‍ॅरे घेऊन त्यात शून्यं भरावी लागतात. तेवढं करूनही भाषेच्या मेमरी-व्यवस्थेने मध्येच एखादी नक्कल केलेली असू शकते. त्याहून मोठं भोक म्हणजे लॉग, प्रोग्रॅम स्वतःच्या कामाच्या ज्या नोंदी लिहितो त्या. तपासणीसाठी सेवेचं अख्खं उत्तर छापणारी एक ओळ कोडमध्ये राहिली, की उघडी किल्ली लॉगमध्ये कायमची मुक्कामाला जाते.

आणि मग कोणीतरी म्हणतं, ‘असू दे, वर्षाला किल्ली आपोआप बदलतेच की!’ बदलते ती मुख्य किल्ली, तीही हा पर्याय चालू केला असेल तर. नव्या डेटा की नव्या मुख्य किल्लीने बंद होतात. जुन्या उघडता याव्यात म्हणून जुन्या मुख्य किल्लीचं गुप्त द्रव्य सेवा जपून ठेवते. आधीच्या डेटा की आणि आधीच्या फाइली जशा होत्या तशाच. बंद प्रत नव्या मुख्य किल्लीखाली आणायची तर ‘री-एन्क्रिप्ट’ विनंती आहे, तिच्यात उघडी प्रत एचएसएमबाहेर येत नाही. पण फुटलेल्या डेटा कीवर तोही उतारा नाही. तिथे नवी किल्ली मागून फाइलच पुन्हा एन्क्रिप्ट करावी लागते.

खर्चाचं गणित लहान आहे: मुख्य किल्लीला महिन्याला १ डॉलर आणि दर १०,००० विनंत्यांना ३ सेंट. दहा लाख फाइलींना स्वतंत्र किल्ली दिली तर ३ डॉलर. खरी अडचण सेकंदाला किती विनंत्या चालतात या मर्यादेची. ती खात्यातल्या सगळ्या प्रोग्रॅमांत वाटली जाते. रात्री लाखभर फाइली एकदम वाचणारं काम सुरू झालं, की बिचारं लॉगिनही अडखळतं. उपाय म्हणजे थोडा वेळ थांबून, थांबण्याचा काळ वाढवत पुन्हा विचारणं, किंवा एक डेटा की ठरावीक मिनिटं वा ठरावीक फाइलींपुरती मेमरीत ठेवणं.

मुंबई आणि हैदराबाद या अ‍ॅमेझॉनच्या भारतातल्या दोन विभागांत (वेगवेगळ्या ठिकाणच्या डेटा सेंटरांच्या समूहांत) मिळून काम करणाऱ्यांनी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवावी. साधी मुख्य किल्ली तिच्या विभागातच राहते. फाइलींची नक्कल हैदराबादला असली तरी मुंबईत बंद केलेली डेटा की उघडायला मुंबईचीच सेवा लागते, आणि मुंबई बंद पडेल म्हणून तर ती नक्कल केलेली असते! यासाठी बहुविभागी किल्ली मिळते, पण ती पहिल्यापासूनच तशी करावी लागते. साध्या किल्लीचं नंतर बहुविभागीत रूपांतर होत नाही.

मुख्य किल्ली काढून टाकताना सेवा ७ ते ३० दिवसांची मुदत ठेवते. काही सांगितलं नाही तर ३०. त्या काळात किल्ली चालत नाही, कोणी वापरायला गेलं तर दोष येतो, म्हणजे गडबड वेळेत कळेल असा हिशोब. पण ज्या सर्व्हरने डेटा की आधीच उघडून मेमरीत ठेवली आहे, त्याला सेवेकडे जावंच लागत नाही. जोडलेली एन्क्रिप्टेड डिस्क तर महिनोन्‌महिने चालू राहते. मुदत शांततेत संपते, किल्ली नष्ट होते आणि पुढे एखाद्या रविवारी सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला की डिस्क उघडत नाही. म्हणून किल्ली आधी नुसती निष्क्रिय करावी, तिच्यावर चालणारे सर्व्हर एकेक करून बंद-चालू करून पाहावेत, डिस्क काढून पुन्हा जोडावी. निष्क्रिय केलेली किल्ली एका क्षणात परत चालू करता येते.