ओक पार्कची शीव कशी ठरली

शिकागोच्या पश्चिमेला लागून असलेले ओक पार्क हे उपनगर जेमतेम दीड मैल रुंद आणि तीन मैल लांब आहे. उत्तरेला नॉर्थ अव्हेन्यू, दक्षिणेला रूझवेल्ट रोड, पश्चिमेला हार्लेम अव्हेन्यू आणि पूर्वेला ऑस्टिन बुलेव्हार्ड. चारही बाजूंना रस्तेच आहेत. ना नदी आडवी येते, ना डोंगर. यांतल्या तीन हद्दी सर्वेक्षणाच्या मोजणीतून आल्या. चौथी, पूर्वेची, मतपेटीतून आली आणि गावाचा पुढचा इतिहास तिच्याभोवतीच फिरला.

आधी जमिनीविषयी. हिमयुगानंतर मिशिगन सरोवराचे पाणी आजच्यापेक्षा बरेच पश्चिमेपर्यंत पसरले होते. ते ओसरताना किनाऱ्यावरच्या वाळूचे लांबट, बुटके उंचवटे मागे राहिले. त्यांतला एक ओक पार्कमधून जातो. चालताना चढ फारसा जाणवत नाही, पण मुळात या उंचवट्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस सरोवराकडे जाई आणि पश्चिमेचा डेस प्लेन्स नदीतून पुढे मिसिसिपीकडे. भोवतालची जमीन सखल आणि दलदलीची होती. कोरडी जागा आणि ओकची झाडे या उंचवट्यावर होती, म्हणून वस्तीही तिथेच झाली.

हा मुलूख पोटावाटोमी आणि त्यांच्याशी जोडलेल्या जमातींचा. १८१६ च्या तहात शिकागो नदीच्या मुखाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मैलांचा पट्टा सरकारने घेतला. ओक पार्कची जमीन त्यातच येते. १८३३ च्या शिकागो तहानंतर उरलेल्या लोकांनाही मिसिसिपीपलीकडे जावे लागले. त्यानंतर सरकारी मोजणीचे तुकडे विक्रीला निघाले.

ही मोजणी समजली नाही तर पुढचे काहीच समजत नाही. आपल्याकडे टाऊनशिप म्हटले की बिल्डरची मोठी वसाहत डोळ्यांसमोर येते. इथे टाऊनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, एकूण ३६ चौरस मैल. त्याचे ३६ विभाग पाडायचे, प्रत्येक विभाग एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकर. क्रमांक ईशान्य कोपऱ्यापासून सुरू होतात, पश्चिमेकडे सहापर्यंत जातात, मग एक ओळ खाली उतरून उलट दिशेने, शेतात औत वळावे तसे. म्हणून सहा क्रमांक वायव्य कोपऱ्यात येतो आणि सात त्याच्या बरोबर खाली. मोजणीतली तूट किंवा वाढ उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेच्या तुकड्यांत टाकायची, असा नियम. त्यामुळे त्या कडेच्या विभागाचा चतकोर नेमका १६० एकर क्वचितच भरतो. जुन्या खरेदीखतात विचित्र आकडा दिसला की लोक लिहिणाऱ्याची चूक समजतात. बहुतेक वेळा ती चूक नसते.

यॉर्कशायरहून आलेल्या जोसेफ केटलस्ट्रिंग्ज यांनी १८३५ च्या सुमारास सुमारे १७२ एकर घेतले, ते अशाच पश्चिम कडेला, हार्लेमलगत. त्यांनी आणि पत्नी बेटी यांनी वाटसरूंसाठी खाणावळ चालवली. १८४८ मध्ये गॅलेना अँड शिकागो युनियन रेल्वेची पहिली गाडी इथवर धावली. त्यानंतर जमीन शेतीपेक्षा घरांसाठी जास्त मोलाची झाली. केटलस्ट्रिंग्ज प्लॉट विकताना दारूविरोधी गिऱ्हाईक पसंत करत. गावात दारूबंदी पुढे १९७० च्या दशकापर्यंत टिकली, तिची मुळे इथवर जातात.

ओक पार्क ज्या ३६ चौरस मैलांच्या चौकोनात येते त्याच्या कारभारासाठी १८५७ मध्ये सिसेरो टाऊन स्थापन झाले आणि दहा वर्षांत त्याला पालिकेचा दर्जा मिळाला. मूळ सिसेरो पूर्वेला वेस्टर्न अव्हेन्यूपर्यंत होते. मग शिकागोची हद्दवाढ सुरू झाली. १८६९ मध्ये आजच्या पुलास्की रोडपर्यंतचा सुमारे ११ चौरस मैलांचा पट्टा गेला. १८८९ संपेपर्यंत अर्ध्याहून जास्त सिसेरो शिकागोत होते.

उरलेल्यात ऑस्टिन ही सर्वांत मोठी वस्ती. हेन्री ऑस्टिन यांनी १८६५ मध्ये ती वसवली. टाऊनच्या कारभारावर तिचेच वजन होते, टाऊन हॉलही तिथेच. लेक स्ट्रीटची उन्नत रेल्वे ऑस्टिनमध्ये आणण्यावरून वाद पेटला आणि १८९९ मध्ये ऑस्टिन शिकागोला जोडण्याचा प्रश्न मतदानाला आला. मतदान एकट्या ऑस्टिनचे नव्हते, सगळ्या टाऊनचे होते. ऑस्टिनकरांचा विरोध होता, पण बाकीच्या वस्त्यांनी त्यांना मतांनी हरवले. ज्या इमारतीतून सिसेरोचा कारभार चालत होता, ती इमारत जमिनीसकट शिकागोत गेली. नियमाने हे योग्य असेल, न्यायाने नव्हे. स्वतःची शीव ठरवण्याचा हक्क ऑस्टिनला मिळालाच नाही.

पुढच्या वर्षी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचा भाग स्टिकनी टाऊनशिपकडे गेला. १९०१ च्या मतदानात ओक पार्क, बर्विन आणि उरलेले सिसेरो वेगळे झाले. १९०२ मध्ये ओक पार्क स्वतंत्र व्हिलेज, म्हणजे स्वतःचा कारभार असलेली पालिका, झाले. सिसेरोच्या नावावर ३६ पैकी सहा चौरस मैलही राहिले नाहीत.

जुने कागद शोधणाऱ्यांची इथेच फसगत होते. १८८० किंवा १९०० च्या जनगणनेत 'सिसेरो' दिसले की ते कुटुंब आजच्या सिसेरोत राहत होते असे धरले जाते. ते ओक पार्कचे, बर्विनचे किंवा, १८८० ची नोंद असेल तर, ऑस्टिनचेही असू शकते. वास्तुविशारद फ्रँक लॉईड राइट यांनी १८८९ मध्ये घर बांधले तेव्हा ओक पार्क ही स्वतंत्र पालिका नव्हतीच. म्हणून नाव बाजूला ठेवून आधी विभाग क्रमांक पाहावा, मग वर्ष. रस्त्याच्या नावावरही विसंबू नये: रूझवेल्ट रोड पूर्वी बारावा रस्ता होता, पुलास्की पूर्वी क्रॉफर्ड.

१९६० च्या दशकाअखेर ऑस्टिनमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबे राहायला येताच गोरी कुटुंबे ब्लॉकमागून ब्लॉक निघून जाऊ लागली, तेव्हा मतपेटीतून आलेली ही रेघ वंशाची रेघ बनण्याची भीती उभी राहिली. ओक पार्कने १९६८ मध्ये घरविक्रीत आणि भाड्यात भेदभावाला मनाई करणारा ठराव केला, घरांपुढचे 'विकणे आहे' फलक काढायला लावले आणि १९७० च्या दशकात नवे व्हिलेज हॉल मुद्दाम पूर्वेच्या बाजूला, मॅडिसन स्ट्रीटवर बांधले. त्याच गावाने ऑस्टिन बुलेव्हार्डला मिळणारे काही रस्ते मात्र टोकाशी बंद केले. ओक पार्कच्या बाजूने तिथे आजही गाडी पुढे जात नाही. पलीकडे शिकागो सुरू होते.