बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे मल्टी अ‍ॅसेट नव्हे, कितीदा सांगू

मागच्या आठवड्यात मावसभावाने तीन फंडांचे स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली लिहिलं, "दादा, यातला कुठलाही घेतला तरी चालेल ना? तिन्ही हायब्रिडच आहेत, एक वर्षाचा रिटर्न पण साधारण सारखाच दिसतोय." हायब्रिड म्हणजे शेअर्सबरोबर दुसरंही काही ठेवणारा म्युच्युअल फंड, आणि त्यातले दोन बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज, एक मल्टी अ‍ॅसेट. हा प्रश्न मला या महिन्यात चौथ्यांदा आला, आणि प्रत्येक वेळी विचारणाऱ्याला आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की "दोन्ही एकच, मार्केट पडलं तरी फार पडत नाहीत." अर्धं खरं असलेलं वाक्य पूर्ण खोट्यापेक्षा जास्त त्रास देतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे बीएएफ, बहुतेकांना माहितीये. इक्विटी (शेअर्स) आणि डेट (कर्जरोखे वगैरे), मार्केट महाग वाटलं की इक्विटी कमी, स्वस्त वाटलं की जास्त, हे सगळं एखादं मॉडेल किंवा फंड मॅनेजर ठरवणार. सेबीने ६ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात फंडांच्या कॅटेगरी लावल्या तेव्हा या प्रकारासाठी किमान-कमाल असा कुठलाही आकडा घातला नाही, फक्त इक्विटी-डेटचं प्रमाण डायनॅमिक ठेवायचं एवढंच. त्याच परिपत्रकात मल्टी अ‍ॅसेटला मात्र अट आहे, कमीत कमी तीन प्रकारची मालमत्ता आणि प्रत्येकात किमान १० टक्के. परदेशी शेअर्स घेतले तर तो वेगळा प्रकार मोजायचा नाही, हेही तिथेच लिहिलंय. म्हणून व्यवहारात तिसरा प्रकार म्हणजे सोनं, हल्ली बरोबर चांदी, काही ठिकाणी थोडं रीट आणि इनविट (भाड्याच्या इमारती आणि रस्ते-वीजवाहिन्या यांत पैसे लावणारे ट्रस्ट).

(मल्टी कॅपशी घोळ घालणारेही आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. मल्टी कॅपमध्ये लार्ज, मिड, स्मॉल, म्हणजे मोठ्या, मध्यम, छोट्या कंपन्या, प्रत्येकी किमान २५ टक्के असतात, पण ते सगळे शेअर्सच. मार्केट कोसळलं की तिन्ही एकत्र कोसळतात, फक्त कुणी आधी कुणी नंतर. नावात "मल्टी" आहे एवढंच साम्य, पुढे चला.)

आता मुख्य मुद्दा. लोक म्हणतात दोन्ही फंड पडझडीत वाचवतात. वाचवतात, पण कशाच्या जोरावर वाचवतात हे कुणी विचारत नाही, आणि सगळा फरक तिथेच आहे. बीएएफ वाचवतो तो इक्विटी कमी ठेवून, म्हणजे पडायच्या आधी कुणाचा तरी अंदाज बरोबर आलेला असावा लागतो. मल्टी अ‍ॅसेट वाचवतो तो त्याच्याकडे दुसरी एखादी वेगळ्या चालीची गोष्ट आधीपासून पडून असते म्हणून, मग अंदाज बरोबर येवो न येवो. एकात "कधी" हा प्रश्न सोडवायचाय, दुसऱ्यात "काय काय".

आकड्यांनीच दाखवतो, नुसत्या शब्दांनी हे डोक्यात शिरत नाही. समजा एका मल्टी अ‍ॅसेटमध्ये १० लाख आहेत, ६ लाख इक्विटी, २ लाख डेट, २ लाख सोनं. इक्विटी ३० टक्के पडली, डेट ३ टक्के वाढलं, सोनं २० टक्के वाढलं. आता तुमच्याकडे इक्विटी ४.२० लाख, डेट २.०६ लाख, सोनं २.४० लाख, एकूण ८.६६ लाख. साडेतेरा टक्क्यांच्या आतबाहेर पडझड. आता शेजारी एक बीएएफ घ्या ज्याची निव्वळ, म्हणजे खरोखर बाजाराबरोबर हलणारी, इक्विटी त्या वेळी ४५ टक्के होती. ४५ च्या ३० टक्के म्हणजे साडेतेरा, उरलेल्या डेटने त्यातले दीडेक टक्के भरून दिले की बाराच्या आसपास. बघा, पडझड जवळपास तेवढीच! वर्षाच्या चार्टवर दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात आणि स्क्रीनशॉट पाठवणारा म्हणतो, सेम आहेत.

पण त्या बीएएफची निव्वळ इक्विटी पडायच्या आधी ४५ च का होती? कारण मॉडेलला तेव्हा मार्केट महाग वाटत होतं. मॉडेलला स्वस्त वाटून ७० असती तर २० टक्क्यांच्या आसपास पडला असता. ते मॉडेल काय बघतं हेही प्रत्येक फंडाचं वेगळं. काही व्हॅल्युएशन बघतात, पीई, पीबी वगैरे (कमाईच्या आणि पुस्तकी किमतीच्या तुलनेत भाव किती), ते पडल्यावर इक्विटी वाढवतात. काही ट्रेंड बघतात, ते पडायला लागलं की इक्विटी कमी करतात. म्हणजे एकाच कॅटेगरीतले दोन फंड एकाच दिवशी एकमेकांच्या बरोब्बर उलट काम करू शकतात, नाव मात्र एकच.

आणि पडल्यानंतरचा भाग तर कुणी बघतच नाही. वरच्या मल्टी अ‍ॅसेटने परत ६०-२०-२० वर आणायचं ठरवलं तर तो साधारण ६७ हजारांचं सोनं विकेल, ३३ हजार डेटमधून काढेल आणि जवळजवळ एक लाखाची इक्विटी पडलेल्या भावात घेईल. आता इक्विटी परत जुन्या पातळीवर आली, सोनं आणि डेट जागच्या जागी राहिलं असं धरा. असा मूळ प्रमाणावर आणलेला, म्हणजे रिबॅलन्स केलेला, फंड जवळपास १०.८९ लाखांवर जातो, हात न लावलेला १०.४६ लाखांवर. हे ४३ हजार कुठल्याही भाकितातून आलेले नाहीत, जे वर गेलं ते विकून जे खाली आलं ते घेतलं एवढंच. उलट बाजूही सांगतो, इक्विटी तिथून अजून पडत राहिली तर रिबॅलन्स करणाऱ्याला थोडं जास्त लागतं, फुकट काहीच मिळत नाही.

बीएएफला तेजी परत पकडायची असेल तर मॉडेलने वेळेत इक्विटी वाढवायला हवी. २०२० आठवा. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी पडला होता, आणि नोव्हेंबरमध्ये निफ्टी जानेवारीच्या उच्चांकाच्या वर होता. आठ महिने. तेवढ्या काळात ज्या मॉडेलने इक्विटी कमी केली आणि वाढवायला उशीर लावला त्याने पडझडही खाल्ली आणि तेजीही अर्धीच घेतली. मी स्वतः तेव्हा तीन बीएएफ घेऊन बसलो होतो, तीन वेगळी फंड हाउसेस, म्हणजे डायव्हर्सिफाइड आहोत असा भ्रम. तिन्ही एकत्र लाल. एक्सेलमध्ये सोन्याची एक ओळसुद्धा नव्हती, आणि त्याच वर्षी भारतात सोनं जानेवारीच्या चाळीस हजारांच्या आसपासवरून ऑगस्टमध्ये ५५ हजारांच्या वर गेलं, १० ग्रॅमला. (मार्चच्या ऐन घबराटीत जगात सोनंही काही दिवस पडलं होतं, लोक मिळेल ते विकून कॅश करत होते. तर ते रोज उलट चालतं असं अजिबात समजू नका.)

२००८ मध्येही तसंच. सेन्सेक्स त्या वर्षात निम्म्याहून जास्त पडला, रुपयात सोनं वाढलं. एक कारण असं की असल्या वेळी रुपया पण घसरतो, आणि आपल्याकडचं सोनं म्हणजे एका अर्थी डॉलरवरचाही दाव असतो. डेटमध्ये हा गुण नाही. डेट पडत नाही फारसं, पण इक्विटी कोसळताना उडी मारून वर जातं असंही नाही.

आता "मग सगळे पैसे मल्टी अ‍ॅसेटमध्ये टाकू का" म्हणणाऱ्यांसाठी. २०१२-१३ ते २०१८ सोनं आपल्याकडे तीस हजारांच्या आसपास रेंगाळत होतं, मध्ये २०१५ ला त्याच्याही खाली. पाच-सहा वर्षं! त्या काळात बीएएफवाला मजेत होता आणि सोनंवाला चेष्टेचा विषय. आणि २०२५ मध्ये सोनं डॉलरमध्ये ६० टक्क्यांहून जास्त वाढलं, त्यानंतर मल्टी अ‍ॅसेटचा एक वर्षाचा रिटर्न बघून जे लोक धावत आलेत त्यांनी मुळात मल्टी अ‍ॅसेट घेतलेलाच नाही, त्यांनी मागच्या वर्षीचं सोनं घेतलंय, उशिरा. स्थिर वाढ पाहिजे म्हणणारे हेच लोक पुढची तीन वर्षं सोनं झोपलं की सगळ्यात आधी एसआयपी बंद करतात.

माझी सगळ्यात मोठी चीड मात्र दुसरीच आहे. "किमान १० टक्के" ही अट पूर्ण करून नावापुरतं सोनं ठेवणारे फंड. ७८ टक्के इक्विटी, ११ डेट, ११ सोनं. हा अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिड (बहुतांश शेअर्स, थोडं डेट) आहे, वर सोन्याचा मुलामा दिलेला. इक्विटी ३० टक्के पडली तर एकट्या त्यातून तेवीस-चोवीस टक्के जातात, ११ टक्के सोनं २० टक्के वाढून दोन टक्के परत देतं. शेजारचा दुसरा फंड ४०-३०-३० आणि दोन्हींवर मल्टी अ‍ॅसेट हीच पाटी. माझा सरळ नियम आहे, सोनं-चांदी मिळून १५ टक्क्यांच्या खाली असेल तर मी त्याला मल्टी अ‍ॅसेट म्हणतच नाही. चांदीही मर्यादेतच, ती सोन्याची बहीण म्हणून विकली जाते पण निम्मी इंडस्ट्रियल धातू आहे, मंदीत साथ देईलच याची खात्री नाही. आणि काही मल्टी अ‍ॅसेट फंड आतली इक्विटी मॉडेलनेच वरखाली करतात, ते म्हणजे सोनं लावलेला बीएएफ. वाईट नाही, पण घेताना आपण काय घेतोय ते कळलं पाहिजे.

हे ओळखायचं कसं? फॅक्टशीट, म्हणजे फंडात काय काय आहे ते सांगणारं दर महिन्याचं पत्रक. आणि तिथे एक सापळा आहे, दोन्ही प्रकारात. भावाला फोनवर बसवून एकाची फॅक्टशीट उघडायला लावली, त्याने वाचलं, "इक्विटी ६७ टक्के आहे की रे दादा, एवढी?" म्हटलं खाली ये, डेरिव्हेटिव्हची ओळ बघ. मायनस २२. म्हणजे २२ टक्क्यांचे शेअर्स घेतलेत आणि त्यांचेच फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) विकून ठेवलेत, याला हेज म्हणतात. शेअर वर गेला तरी फ्युचरमध्ये तेवढं जातं, खाली आला तरी तेवढं येतं, हातात राहतो तो साधारण लिक्विड फंडासारखा, म्हणजे अगदी अल्प मुदतीच्या डेटसारखा, रिटर्न. खरी इक्विटी ४५. मग ही कसरत कशासाठी? टॅक्ससाठी. भारतीय शेअर्समध्ये सरासरी ६५ टक्के किंवा जास्त असेल तर फंड इक्विटीचा गणला जातो आणि हेज केलेले शेअर्सही त्यात मोजतात. मग १२ महिन्यांनंतर १२.५ टक्के, तेही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर, आणि त्याआधी विकलं तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे.

बीएएफ जवळजवळ सगळे ही ६५ ची रेघ सांभाळतात. मल्टी अ‍ॅसेटमध्ये मात्र दोन तट आहेत. काही हेज लावून ६५ गाठतात, काही ३५ ते ६५ च्या मध्ये राहतात. या मधल्यांना २४ महिने थांबावं लागतं, मग १२.५ टक्के, सव्वा लाखाची सूट नाही, आणि आधी विकलं तर तुमच्या स्लॅबने. ३० टक्के स्लॅबवाल्याने दीड वर्षात पैसे काढले तर हा फरक चांगलाच बोचतो. पाच-सात वर्षं ठेवणार असाल तर मी याच्यावर डोकं खपवणार नाही. उलट घरी स्वतः सोन्याचा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात मिळणारा फंड) आणि इंडेक्स फंड घेऊन रिबॅलन्स करायचं म्हटलं तर प्रत्येक विक्रीवर टॅक्स, फंडाच्या आत तो लागत नाही. मल्टी अ‍ॅसेटच्या बाजूने मला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच, आणि जाहिरातीत तो कुणी सांगत नाही.

बाकीचं पटकन. खर्च दोन्हीकडे साधारण सारखा, डायरेक्ट प्लॅन (मधल्या एजंटचं कमिशन नसलेला) घ्या, यावर वाद नको. दहा वर्षांचा रेकॉर्ड दाखवत असतील तर २०१८ च्या आधी तो फंड काय होता ते विचारा, कारण नव्या कॅटेगरी आल्यावर कित्येक जुन्या स्कीम नाव आणि स्वभाव बदलून इथे बसवल्या गेल्यात. "मल्टी अ‍ॅसेट फंड ऑफ फंड", म्हणजे दुसऱ्या फंडांत पैसे लावणारा फंड, ही अजून तिसरीच जात, त्याचा टॅक्स वेगळा, नाव बघून गल्लत करू नका.

भावाचं काय झालं विचाराल तर, त्याच्याकडे एक बीएएफ आधीपासून होताच, तीन वर्षं चालू. दुसऱ्या बीएएफची एसआयपी त्याने केली नाही. मल्टी अ‍ॅसेटची फॅक्टशीट उघडली तर सोनं १०.४ टक्के, चांदी शून्य. आता तो १५ च्या वरचे शोधतोय, आणि मला रोज एक स्क्रीनशॉट येतोय, पण निदान आता त्यात खालची मायनसची ओळ कापलेली नसते.