सुरिनाममधल्या भाषा कुठून आल्या?

दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची राजधानी पारामारिबो. तिथल्या बाजारात ओळखीचं माणूस भेटलं की पहिला प्रश्न येतो, ‘फा वाका?’ ‘वाका’ म्हणजे चालणं. आपल्या ‘कसं चाललंय?’चा सख्खा भाऊच. पैसे मोजताना कानावर पडतं, ‘वान, तू, द्री, फो, फैफी’. हे उघडच इंग्रजीचं पोर, आणि देश तर १९७५पर्यंत डचांच्या ताब्यातला. शाळा, कोर्टकचेऱ्या, सरकारी कागद आजही डचमध्येच. मग बाजारात इंग्रजी शब्द कसे?

इंग्रज इथे जेमतेम सोळा-सतरा वर्षं होते. १६५१च्या सुमारास बार्बाडोसचे गव्हर्नर विलोबी यांनी इथे वसाहत वसवली. उसाचे मळे आले, मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आले. १६६७मध्ये डचांनी वसाहत जिंकली. त्याच वर्षीच्या ब्रेडाच्या तहात सुरिनाम डचांकडे राहिलं, आणि आजचं न्यूयॉर्क इंग्रजांकडे. सौदा कुणाला परवडला, ते आपण आज बोलतो. तेव्हा साखरेला भाव होता. पुढे बरेचसे इंग्रज मळेवाले निघून गेले, पण गुलामांची आपसातली बोली तोवर रुजली होती. नवं जहाज आलं की नवखे लोक बोलायला शिकत ते जुन्या गुलामांकडून, मालकाकडून नाही. मालकालाही आपली डच त्यांच्या तोंडी नकोच होती. हीच बोली म्हणजे स्रानान टोंगो, ‘सुरिनामची जीभ’. ‘पिकिन’ म्हणजे मूल, ‘साबी’ म्हणजे जाणणं, असे पोर्तुगीज वळणाचे शब्दही तिच्यात आहेत.

मळ्यांवरून पळालेले लोक नद्यांच्या वरच्या अंगाला जंगलात गेले आणि तिथून लढले. शेवटी डचांनाच त्यांच्या समाजांशी तह करावे लागले: १७६०मध्ये न्जुकांशी, १७६२मध्ये सारामाकांशी. नदीतून होडीने आत गेलात तर त्यांच्याच न्जुका आणि सारामाकन भाषा ऐकू येतात, आणि शहरातली स्रानान येणाऱ्यालाही सारामाकन सहज उमगत नाही. न्जुका भाषेला तर १९१०च्या सुमारास आफाका नावाच्या माणसाने स्वतःची लिपी बनवून दिली. ती आपल्यासारखीच अक्षराक्षरांची आहे, फक्त आपल्या बाराखडीशी तिचा काही संबंध नाही. या सगळ्यांच्या आधीपासून इथे असलेल्या आदिवासींच्या कारिब आणि आरावाक भाषा आता थोड्याच गावांत उरल्यात.

१ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी संपली. तो दिवस आजही ‘केती कोती’ म्हणून पाळतात: साखळी तुटली. पण गुलामांना आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली राबावं लागलं. ती मुदत संपत असतानाच, जून १८७३मध्ये, ‘लल्ला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून सुमारे ४०० मजूर घेऊन पारामारिबोला पोचलं. १९१६पर्यंत असे ३४ हजारांच्या आसपास लोक आले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले. करार पाच वर्षांचा, म्हणून ते स्वतःला ‘कंत्राकी’ म्हणत. आपलं ‘कंत्राट’ आठवतंच. मुदतीनंतर जवळपास एक तृतीयांश परतले. राहिलेल्यांनी जमिनी घेऊन निकेरीसारख्या भागात भातशेती केली. त्यांच्या भोजपुरी, अवधी, मगहीची मोट बांधून सारनामी तयार झाली. शेजारच्या गयानात भोजपुरी जवळजवळ विझली. इथे सारनामी घराघरात टिकली. पण नुसत्या हिंदीच्या भरवशावर जाऊ नये. देवळातली आणि सिनेमातली हिंदी तिथल्यांना कळते, पण त्यांच्या घरातल्या गप्पा आपल्याला अर्ध्याच कळतात, कारण मध्येच डच आणि स्रानान शब्द घुसतात.

१८९०पासून जावाहून मजूर आले. त्यांची जावानीजही टिकली, आणि त्यांच्या खाणावळींमधलं साओतो सूप तर सगळ्यांचंच झालं. हाक्का बोलणारे चिनी त्याआधीच, १८५३पासून आले होते.

डच सर्वांवर लादली गेली ती मात्र उशिरा, १८७६च्या सक्तीच्या शिक्षणाने. ज्या भाषेपासून गुलामांना दूर ठेवलं, तीच आता त्यांच्या मुलांना बोलायला लावली. शाळेत स्रानान बोललं की शिक्षा. ‘ताकी-ताकी’, म्हणजे नुसती बडबड, असं तिला हिणवत. हे चित्र पालटलं विसाव्या शतकाच्या मध्याला, कवी आणि चळवळ्यांमुळे. १९५९च्या राष्ट्रगीतात पहिलं कडवं डचमध्ये आहे आणि दुसरं स्रानानमध्ये, ट्रेफोसा या कवीचं. सारनामी आणि जावानीजला त्यात ओळ मिळालेली नाही.