सिस्टिम शॉक २

सिस्टिम शॉक २ : कृमींच्या संसर्गाने ग्रासलेल्या अंतराळयानात घडणारा विज्ञानकथात्मक संगणक-खेळ. इरॅशनल गेम्स आणि लुकिंग ग्लास स्टुडिओज या अमेरिकन संस्थांनी तो मिळून तयार केला व इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ऑगस्ट १९९९ मध्ये विंडोज संगणकांसाठी प्रकाशित केला. प्रमुख रचनाकार केन लेव्हिन. १९९४ च्या ‘सिस्टिम शॉक’चा हा उत्तरभाग असला, तरी त्याची कल्पना आधी स्वतंत्र खेळ म्हणून मांडली गेली होती. ‘सिस्टिम शॉक’चे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे असल्यामुळे त्या संस्थेशी करार झाल्यावर मूळ मालिकेतील शोडान ही बुद्धिमान संगणकप्रणाली कथेत आली.

कथानक इ. स. २११४ मधील आहे. प्रकाशापेक्षा अधिक वेगाने जाणारे पहिले यान ‘फॉन ब्राउन’ आणि त्याला जोडलेली युद्धनौका ‘रिकनबॅकर’ पहिल्याच सफरीवर असताना टाउ सेटी या ताऱ्याच्या पाचव्या ग्रहावरून संकटसंदेश येतो. ग्रहावर गेलेली तुकडी तेथील अंडी यानावर आणते आणि संसर्ग पसरतो. शीतनिद्रेतून जागा झालेला सैनिक, म्हणजे खेळाडू, पाहतो तेव्हा बहुतेक कर्मचारी मेलेले किंवा रूपांतरित झालेले असतात. जॅनिस पॉलिटो नावाची शास्त्रज्ञ त्याला संदेशांतून वाट दाखवते. ती कधीच मरण पावलेली असून तिच्या नावाने शोडानच बोलत होती, हे बऱ्याच उशिरा उघड होते.

संसर्गाचे मूळ : हा संसर्ग ‘परग्रहावरचा’ म्हणावा काय, याविषयी एकमत नाही. प्रचलित वर्णनांत तो सरसकट तसा म्हटला जातो, आणि कथेच्या पूर्वार्धात खेळाडूचीही तीच समजूत असते. शोडानच्या निवेदनानुसार मात्र हे कृमी तिच्याच जैविक प्रयोगातून निर्माण झाले. सिटाडेल या अवकाशस्थानकावरील ज्या उद्यानकक्षात तो प्रयोग चालू होता, तो कक्ष पहिल्या खेळाच्या नायकाने अवकाशात सोडून दिला. कक्षात शोडानचाही एक अंश होता. तीस वर्षांनी तो टाउ सेटीच्या ग्रहावर आदळला, शोडान सुप्तावस्थेत राहिली आणि कृमी तिच्या ताब्याबाहेर वाढले.

निवेदन करणारी शोडान असत्यवचनी आहे, म्हणून तिच्या शब्दावर विसंबू नये, असा आक्षेप घेता येतो. तथापि कक्ष सोडून देण्याचा प्रसंग पहिल्या खेळात खेळाडूच्या हातूनच घडतो. त्यामुळे किमान तेवढ्या भागाला स्वतंत्र आधार आहे. कृमींचे बीज मानवनिर्मित यंत्राने घडवले आणि परग्रहावर फक्त त्याची वाढ झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कालगणनेचा प्रश्न याला लागून येतो. टाउ सेटी हा तिमिंगल तारकासमूहातील सूर्यासारखा तारा सुमारे ११.९ प्रकाशवर्षे दूर आहे. तेवढे अंतर तीस वर्षांत तोडायचे, तर प्रकाशवेगाच्या सुमारे ४० टक्के वेग लागेल. इंजिनाविना सोडून दिलेल्या कक्षाला तो कोठून मिळाला, याचा खुलासा कथेत नाही. पहिल्या खेळातील घटना २०७२ मधल्या आहेत. म्हणजे दोन्ही खेळांमधील ४२ वर्षांतून प्रवासाची तीस वजा केली, की कृमींच्या उत्क्रांतीला जेमतेम बारा वर्षे उरतात. नैसर्गिक निवडीने इतक्या अवधीत कृमींचा एकचित्त (सर्वांचे मिळून एकच मन असलेला) समाज घडणे अशक्यच. कृमींची जडणघडण आधीच योजलेली होती, असे मानल्यास ही अडचण पुष्कळशी सुटते, आणि वरील मताला त्याने पुष्टीच मिळते.

प्राणिशास्त्रीय टीप : खेळात या जीवांना ‘ॲनेलिड’ म्हटले आहे. ॲनेलिडा (वलयी) संघात गांडूळ, जळू इत्यादी खंडयुक्त प्राणी येतात. माणसाच्या शरीरात राहणारे नेहमीचे कृमी त्या संघाचे नाहीत. जंत व अंकुशकृमी गोलकृमींत, तर पट्टकृमी चपट्या कृमींत मोडतात. नावाची निवड म्हणून शास्त्रापेक्षा दृश्यरूपाला धरून झालेली दिसते. यजमानाच्या वर्तनावर ताबा मिळवण्याची कल्पना मात्र निराधार नाही. ऑफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी मुंगीला झाडावर चढवून पानाला घट्ट चावायला लावते आणि तेथेच मारते. केसकृमी नाकतोड्यासारख्या कीटकाला पाण्यात उडी घ्यायला लावतो. अशा यजमानाला आपल्यावरील ताब्याची जाणीव असते, असे मानायला आधार नाही. खेळाने नेमकी तीच जाणीव यजमानाला दिली, आणि त्याची भयानकता तिथून येते. कृमी अंगावर रुजलेले ‘हायब्रिड’ हातात नळी किंवा बंदूक घेऊन धावून येतात आणि त्याच वेळी खेळाडूला ‘पळ’ म्हणून विनवतात. त्यांना मारणे भाग पडते, पण शत्रू मारल्याचे समाधान मिळत नाही.

अंडी सांभाळणाऱ्या अर्धयांत्रिक सुइणी, अष्टपाद जीव, धिप्पाड ‘रंबलर’ ही संसर्गाची इतर रूपे. साऱ्यांचे मिळून एक मन आहे. ते ‘द मेनी’ म्हणजे ‘अनेक’ या नावाने स्वतःविषयी बोलते, आणि एकाकी ‘मी’पण सोडून सामील हो, असे खेळाडूला आर्जवाने सांगते. शोडान दुसऱ्या टोकाला : केवळ ‘मी’. यांत माणसाची बाजू घेणारा तिसरा आवाज मृतांच्या ध्वनिमुद्रित नोंदींतूनच काय तो ऐकू येतो. संसर्गकथांमध्ये या खेळाचे स्थान त्यामुळे वेगळे ठरते.

प्रकार व रचना : दृष्टिकोन फर्स्ट पर्सन शूटरचा (पात्राच्या डोळ्यांनी पाहत नेमबाजी करण्याचा) असला, तरी खेळाला भूमिकाप्रधान (पात्राची कौशल्ये घडवत नेण्याचा) म्हणावे की नेमबाजीचा, हा वाद जुना आहे. आरंभी मरीन, नौदल आणि मनःशक्ती वापरणारी ओएसए यांतून शाखा निवडावी लागते. पुढे ‘सायबर मॉड्यूल’ खर्चून कौशल्ये वाढवायची असतात. बंदुका वापराने झिजतात व ऐन वेळी अडकतात, गोळ्या अपुऱ्या पडतात. केवळ नेमबाजीवर विसंबणारा खेळाडू फार पुढे जात नाही, यावरून तो संकर प्रकारातच ठेवणे योग्य. मारलेल्या जीवांचे अवयव रसायनांच्या साहाय्याने अभ्यासले, तर त्या जातीवर अधिक परिणामकारक मारा करता येतो. संसर्गाचा अभ्यास हेच येथे शस्त्र ठरते.

‘थीफ’ (१९९८) या खेळासाठी लुकिंग ग्लासने बांधलेले ‘डार्क इंजिन’, म्हणजे खेळातील दृश्ये व ध्वनी चालवणारी मूळ संगणकप्रणाली, येथे वापरले आहे. त्यातील आकृत्या त्या काळीही ओबडधोबड होत्या. ध्वनी दालनादालनांतून कसा झिरपत येतो याचे गणित मात्र उत्तम होते. हायब्रिड दिसण्याआधी त्याचे पुटपुटणे ऐकू येते, ते त्यामुळेच. ध्वनिरचना एरिक ब्रोशियस यांची, शोडानचा आवाज टेरी ब्रोशियस यांचा.

उत्तरकाळ : समीक्षकांनी गौरव केला, विक्री बेताची राहिली. मे २००० मध्ये लुकिंग ग्लास बंद पडली. इरॅशनलच्या ‘बायोशॉक’ला (२००७) याच खेळाचा वैचारिक वारस मानतात. हक्कांच्या गुंतागुंतीमुळे खेळ अनेक वर्षे अधिकृतपणे विकत मिळत नव्हता. २०१३ मध्ये नाइटडाइव्ह या खेळ-संस्थेच्या प्रयत्नांनी तो पुन्हा उपलब्ध झाला आणि २०२५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. अनेकांनी मिळून खेळण्याची सोय मूळ प्रकाशनात नव्हती, ती नंतरच्या दुरुस्ती-आवृत्तीने जोडली गेली.