पीस कोअरमधून परदेशात शिकवायला जायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि भाषेचं प्रशिक्षण

पदवी झाल्यावर दोन वर्षं दुसऱ्या देशातल्या सरकारी शाळेत शिकवायचं, असं अमेरिकेत वाढलेली आपली मुलं हल्ली अधूनमधून बोलून दाखवतात. त्यासाठीचा सरळ मार्ग म्हणजे पीस कोअर. अमेरिकी सरकारची ही संस्था १९६१ साली सुरू झाली. १९७६पर्यंत तिचे स्वयंसेवक भारतातही काम करत होते.

घरातून पहिली शंका निघते ती भाषेची. त्यापायी अर्ज अडवून ठेवू नका. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच जागांसाठी स्पॅनिशची पूर्वतयारी मागतात, पण अनेक देशांची भाषा प्रशिक्षणातच शिकवतात.

अर्ज कोण करू शकतं?

वय किमान १८. वरची मर्यादा नाही, त्यामुळे निवृत्त शिक्षकही जातात. अमेरिकेचं नागरिकत्व मात्र हवंच. ग्रीन कार्ड किंवा एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) अर्ज करता येत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते ओसीआय कार्ड असण्याची अडचण नाही. शिक्षणाच्या जागांसाठी बहुधा पदवी लागते आणि शिकवण्याचा थोडा अनुभव. रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवलं असेल, तर ते अर्जात जरूर लिहा. वर्ग कितीचा होता, काय शिकवलं, हेही सांगा. गुप्तचर खात्यात काम केलेल्यांना बंधनं आहेत. सीआयएत नोकरी केली असेल, तर दार कायमचं बंद.

कागदपत्रं

अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क. त्यात बायोडेटा, आपल्याला का जायचंय याचं निवेदन आणि शिफारस देणाऱ्यांची नावं द्यावी लागतात. शिफारस काका-मावशींची नको. ज्यांच्या हाताखाली काम केलंय अशांची घ्या. पदवीच्या गुणपत्रिका आणि नागरिकत्वाचा पुरावा हाताशी ठेवा. जन्म भारतातला असेल, तर पुराव्याचा कागद वेळेवर शोधत बसू नका.

मुलाखतीनंतर निवड झाली की बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची पडताळणी आणि वैद्यकीय तपासण्या सुरू होतात. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. दातांची तपासणी, लसींच्या नोंदी, जुन्या आजारांबद्दल डॉक्टरांची पत्रं, सगळं मागतात. दमा असो की नैराश्यावरचे उपचार, काहीही लपवू नका. कुठल्या देशात तुमची नीट काळजी घेता येईल हे त्यावरूनच ठरतं.

पहिले तीन महिने

एकूण कालावधी २७ महिन्यांचा, त्यातले पहिले साधारण तीन प्रशिक्षणाचे. राहायचं स्थानिक कुटुंबात. नेपाळचं उदाहरण घ्या: चार-पाच जणांच्या गटाला नेपाळी शिक्षक भाषा शिकवतात, जोडीला शाळेत पाठ घेण्याचा सराव असतो, आणि संध्याकाळी त्या घरच्या स्वयंपाकघरात खरी परीक्षा. भात वाढणाऱ्या आईला 'आता पुरे' हे आदराने सांगता यायला हवं! देवनागरी वाचता येणाऱ्या मराठी मुलांना शाळेतला फळा वाचायला जड जात नाही. मात्र नेपाळमध्ये हिंदी बऱ्याच जणांना समजते, म्हणून हिंदीत वेळ मारून नेऊ नका. तशी सवय लागली की नेपाळी तोंडात बसत नाही, आणि वर्गातल्या मुलांच्या आजीशी बोलायला तीच लागते.

शेवटी भाषेची चाचणी होते. ही मुलाखत असते, लेखी पेपर नाही. घर, काम, रोजचे व्यवहार यांवर गप्पा होतात आणि त्यावरून पातळी ठरवतात. अपेक्षित पातळी देशागणिक वेगळी. त्यानंतर शपथ, आणि मग स्थानिक शिक्षकाच्या जोडीने वर्ग.

प्रवास, उपचार आणि तिथल्या राहणीमानानुसार मासिक भत्ता संस्था देते. दोन वर्षं पूर्ण केल्यावर कर कापण्याआधी १०,००० डॉलरहून अधिक रक्कम मिळते. अर्ज करताना आपल्याला हव्या त्या जागेची जाहिरात पूर्ण वाचा. पदवी, अनुभव आणि भाषेच्या अटी जागेप्रमाणे बदलतात.